आधी दवणा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तेलांची लांबलचक यादी पाठवून तू विचारलंस, पहिलं अत्तर कसं जुळवू? इतक्यात जुळवूच नकोस. आधी एकेक वास ओळखायला शीक.

कोल्हापुरात त्यासाठी दवण्याहून चांगला गुरू नाही. चैत्र यात्रेत गुलाल-खोबऱ्यासोबत जोतिबाला वाहतात, तोच. त्याचं तेल परदेशातले अत्तरकारही वापरतात. ताजी जुडी, वाळलेली जुडी आणि तेल, तिन्ही हुंगून वहीत लिही. 'छान' असं लिहिलंस तर खोडून टाक. मनुका, चहा, ओलं गवत, जे आठवेल ते लिही. दवण्याचं तेल माणसागणिक वेगळा वास देतं असं जाणकार म्हणतात. पातळ करून आईच्या आणि तुझ्या मनगटावर लावून बघ.

मग कागदाच्या दोन पट्ट्या घे. एकीवर संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, दुसरीवर अल्कोहोलात विरघळवलेलं, व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलीन. रेणुभार अनुक्रमे १३६ आणि १५२, म्हणजे फारसा फरक नाही. तरी लिमोनीन थोड्याच वेळात उडतं आणि व्हॅनिलीन कित्येक दिवस राहतं. व्हॅनिलीनचे रेणू हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या ओढीने, एकमेकांना आणि कागदाला धरून राहतात. लिमोनीन नुसता हायड्रोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचा; त्याला धरायला काही नाही. आधी काय उडेल आणि मागे काय राहील, याचा अंदाज बांधणं हाच अत्तर रचण्याचा गाभा. टॉप नोट (आधी उडणारा वास), बेस नोट (मागे राहणारा वास) यांचे तक्ते पाठ करून तो येत नाही.

तेल पातळ करताना थेंब मोजू नकोस, वजन कर. एक ग्रॅम तेल, नऊ ग्रॅम इथेनॉल. थेंबाचा आकार तेलागणिक बदलतो.

'केमिकल नको, फक्त नैसर्गिक' हा तुझा हट्ट मला पटत नाही. वाळल्या गवतासारखा गोड वास देणारं कुमारिन इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं, आणि १८८२ च्या 'फुजेर रॉयाल' या फ्रेंच अत्तरामध्ये ते आलं. त्यानंतर अत्तरकाराला फक्त फुलांवर अवलंबून राहावं लागलं नाही. केवढं मोठं दार उघडलं ते!

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. तुझ्या यादीतलं बर्गमोट, म्हणजे एका लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल, त्वचेवर लावून उन्हात गेलीस तर त्यातल्या बर्गाप्टेनमुळे कातडी भाजल्यासारखी होईल. बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल मिळतं, तेच मागव.

तुझा,
सर