पहिली मॅरेथॉन : घाई पायांना परवडत नाही

पहिल्या मॅरेथॉनची तयारी सुरू करणाऱ्या, किंवा करावी की नाही या विचारात असलेल्या वाचकांच्या सात प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : वय ३८, दिवसभर बसून काम. शाळा सुटल्यापासून कधी धावलेलो नाही. सहा महिन्यांनी होणाऱ्या मॅरेथॉनला नाव नोंदवू का?

उत्तर : या खेपेला नको. ज्याला धावण्याची काहीच सवय नाही, त्याला ४२.१९५ किलोमीटरसाठी नीट तयार व्हायला दहा ते बारा महिने द्यावेत. अडचण दमाची नसते, हाडांची आणि कंडरांची (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांची) असते. धावायला लागल्यावर काही आठवड्यांतच शरीरातले रक्ताचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागते आणि दीड-दोन महिन्यांत दम वाढल्याचे स्पष्ट जाणवते. कंडरा आणि हाडे मात्र कित्येक महिने घेतात. त्यातही हाडाची रीत अशी, की वाढत्या भाराला तोंड देण्यासाठी ते आधी जुना भाग झिजवते आणि मग त्या जागी नवा रचते. मधल्या काळात ते थोडे कच्चे असते. ‘आता दम लागत नाही’ म्हणून नेमके याच काळात अंतर वाढवले, की नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक भेग पडते, म्हणजेच स्ट्रेस फ्रॅक्चर होते. मग सहा-आठ आठवडे धावणे बंद.

सुरुवातीचे दोन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, ३० ते ४० मिनिटे भरभर चाला. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून : पाच मिनिटे चालून अंग मोकळे करायचे, मग १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे, असे आठ वेळा. धावण्याचा तुकडा हळूहळू २, ३, ५, ८ मिनिटांपर्यंत न्या. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा, त्यात काही बिघडत नाही. दहा-बारा आठवड्यांत सलग अर्धा तास धावता येऊ लागते. पाचव्या महिन्याच्या सुमारास १० किलोमीटर, सातव्या महिन्यात अर्धमॅरेथॉन आणि त्यानंतर मॅरेथॉनची १८ आठवड्यांची खास तयारी, असा हिशेब ठेवा.

श्रम करताना छातीत दुखणे, चक्कर किंवा विचित्र धडधड होत असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, किंवा घरात कोणाचा कमी वयात हृदयविकाराने अचानक मृत्यू झाला असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि मगच पहिला धावण्याचा दिवस.

प्रश्न : मला हळू धावताच येत नाही. दोन मिनिटांत धाप लागते. घड्याळ म्हणते हृदयाचे ठोके फार जास्त आहेत.

उत्तर : धाप लागते याचा अर्थ वेग जास्त आहे, मग तो तुम्हाला कितीही कमी वाटो. कसोटी साधी आहे : धावता धावता सात-आठ शब्दांचे वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. नाही आले तर वेग कमी करा, तरीही नाही आले तर चाला. चालणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. पहिली मॅरेथॉन धावणे-चालणे आलटून पालटून पूर्ण करणारे पुष्कळ असतात आणि ती पूर्ण मॅरेथॉनच असते.

घड्याळातले ‘झोन’, म्हणजे ठोक्यांनुसार पाडलेले श्रमाचे टप्पे, बहुधा २२० वजा वय या सूत्रावर बेतलेले असतात. हे सूत्र सरासरीचे आहे. एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते, आणि मनगटावरचा सेन्सर घामाने किंवा सैल पट्ट्याने फसतो ते वेगळेच. सुरुवातीच्या महिन्यांत आकड्यापेक्षा बोलण्याची कसोटी जास्त भरवशाची.

हळू धावण्यामागे कारण आहे. स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि चरबीपासून ऊर्जा काढण्याची क्षमता ही या बेताच्या वेगात, पण बराच वेळ धावल्याने वाढते, आणि मॅरेथॉन त्याच क्षमतेवर पार पडते. जगातले आघाडीचे लांब पल्ल्याचे धावपटूसुद्धा आपल्या धावण्याचा सुमारे चार पंचमांश भाग सोप्या वेगातच करतात. नवख्याने रोज थोडे जोरात धावले, तर थकवा साठत जातो आणि वेग जिथल्या तिथे राहतो.

प्रश्न : अर्धमॅरेथॉन झाली आहे. आता आठवडा कसा आखू? आणि शर्यतीआधी एकदा तरी ४२ किलोमीटर धावून बघायला हवे ना?

उत्तर : नको. ४२ किलोमीटरमधून सावरायला तीन-चार आठवडे जातात, म्हणजे ऐन तयारीचा काळ विश्रांतीत जाईल.

आठवड्यात चार दिवस धावा. दोन दिवस ४० ते ५० मिनिटे सोपे धावणे. एक दिवस मध्यम लांबीचे, ८ ते १४ किलोमीटर, आणि सहाव्या आठवड्यानंतर त्याच्या मधले २० मिनिटे थोड्या चढ्या वेगात. एक दिवस लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव. लाँग रननंतरचा दिवस पूर्ण विश्रांतीचा. पाचव्या दिवशी हवे तर सायकल किंवा पोहणे.

लाँग रनचे अंतर आठवड्यागणिक असे ठेवता येईल : १४, १६, १८, १३, २०, २२, २४, १७, २६, २७, १९, २८, ३०, २०, ३२, २०, १३ आणि अठराव्या आठवड्यात शर्यत. मध्येच अंतर खाली येते ते मुद्दाम. त्या आठवड्यात शरीर मागच्या श्रमांची भरपाई करते. बरे वाटते आहे म्हणून बहुतेक जण हाच आठवडा गाळतात, आणि दुखापत पुढे अंतर वाढवण्याच्या आठवड्यात समोर येते.

पण या आकड्यांवर एक मर्यादा आहे : लाँग रन साडेतीन तासांच्या पुढे नेऊ नका. किलोमीटरला ८ मिनिटे लागत असतील तर साडेतीन तासांत २६ किलोमीटर होतात, आणि तुमच्यासाठी तेच पुरे. चार-पाच तास रस्त्यावर काढल्याने क्षमता फारशी वाढत नाही, पायांची झीज मात्र वाढते.

शेवटच्या तीन आठवड्यांत एकूण अंतर टप्प्याटप्प्याने निम्म्याच्या खाली आणा. याला टेपर म्हणतात. धावण्याचे दिवस तेवढेच ठेवा, फक्त प्रत्येक धाव छोटी करा. या काळात पाय जड वाटतात, कुठेतरी काहीतरी दुखल्यासारखे होते, आणि हे नेहमीचेच आहे. राहिलेले अंतर भरून काढायला शेवटच्या दहा दिवसांत लांब धावू नका, त्याचा फायदा शर्यतीपर्यंत मिळत नाही.

प्रश्न : नडगीच्या आतल्या बाजूला दुखते. धावत राहू की थांबू?

उत्तर : दुखणे कसे आहे ते बघा. हाडाच्या कडेने चार-सहा बोटे लांबीवर पसरलेले असेल, सुरुवातीला जाणवून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे ताणामुळे होणारे नडगीचे दुखणे, आहे. दोन आठवडे धावणे निम्म्यावर आणा, उतार आणि कडक रस्ता टाळा. तेच दुखणे एका बोटाने दाखवता येईल इतक्या जागी असेल, धावताना वाढत जात असेल, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर त्याच दिवशी धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. हे हाडाला पडलेल्या भेगेचे लक्षण असू शकते, आणि ती सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे ठीक आहे’ एवढ्यावर पुन्हा धावू नका. मासिक पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. श्रमाच्या मानाने खाणे कमी पडते तेव्हा पाळी आणि हाडे दोन्हींवर परिणाम होतो.

वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हा सर्वांत वाईट मार्ग. दुखणे दबते, कारण तसेच राहते, आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या लांब धावण्यात मूत्रपिंडावर ताण आणतात.

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे ताकदीचे व्यायाम केले तर यातले बरेच टळते. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करा : गुडघा सरळ ठेवून १५, किंचित वाकवून १५, तीन फेऱ्या, आणि खाली येताना तीन मोजा. गुडघा वाकवल्यावर पोटरीतला आतला स्नायू काम करतो, आणि धावताना भार त्याच्यावरच जास्त येतो. सोबत एका पायावरची अर्धी बैठक आणि पाठीवर झोपून कंबर उचलणे.

प्रश्न : बूट कोणते घ्यावेत?

उत्तर : घालून पंधरा पावले धावल्यावर जे सर्वांत आरामदायी वाटतील ते. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, धावण्याचेच मोजे घालून बघा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर लांब धावल्यावर नखे काळी पडतात. एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. शर्यतीचा जोड त्याआधी किमान ५० किलोमीटर धावलेला असावा. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात, ते टाळा.

प्रश्न : तीस किलोमीटरनंतर ‘भिंत’ लागते म्हणतात. ती कशामुळे लागते? धावताना काय आणि किती खावे-प्यावे?

उत्तर : यकृत आणि स्नायू मिळून साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरी. धावायला दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण १ किलोकॅलरी लागते. म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनसाठी जवळपास २९५० किलोकॅलरी. उरलेली तूट चरबीने भरायची असते, पण चरबी हळू जळते, आणि वेग जितका जास्त तितका ग्लायकोजेनचा वाटा वाढतो. साठा संपत आला की पाय शिसासारखे होतात आणि डोके सुन्न होते. त्यामुळे भिंतीवर पहिला उपाय म्हणजे सुरुवात हळू करणे.

दुसरा उपाय खाण्याचा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासून. एका जेलमध्ये (धावताना खायच्या गोड, घट्ट रसाच्या पुडीत) बहुधा २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे दर ३० ते ४० मिनिटांनी एक, आणि सोबत साधे पाणी. गोड पेयासोबत जेल घेतले तर पोटात साखर दाट होते आणि मळमळते. पोटालाही सवय लागते, म्हणून १८ किलोमीटरपुढच्या प्रत्येक लाँग रनमध्ये हेच करून बघा. शर्यतीच्या दिवशी नवे काही नको.

पाणी तहानेप्रमाणे प्या. अंदाज हवा असेल तर तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन करा : कमी झालेला १ किलो म्हणजे सुमारे १ लिटर घाम. धावताना प्यायलेले पाणी त्यात मिळवा. घामापेक्षा जास्त पाणी पिऊ नका. रक्तातले सोडियम पातळ होऊन जीवावर बेतू शकते. २००२च्या बोस्टन मॅरेथॉननंतर तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम कमी निघाले होते, आणि धावताना वजन वाढलेल्यांना धोका जास्त होता. रेंगाळत धावणाऱ्या नवख्यांना प्यायला वेळ भरपूर मिळतो, म्हणून हा धोका त्यांनाच अधिक असतो.

प्रश्न : शर्यतीला आठ आठवडे उरलेत. तापामुळे दोन आठवडे धावणे बुडाले. अर्धमॅरेथॉन अडीच तासांत झाली होती, पाच तासांचे लक्ष्य धरले होते. आता काय करू?

उत्तर : बुडालेले भरून काढू नका. ताप पूर्ण जाऊन औषधाशिवाय दोन दिवस झाले, की आधी चालणे, मग तीन-चार छोट्या सोप्या धावा. पहिला लाँग रन आजारपणाआधीच्या अंतराच्या दोन तृतीयांश ठेवा आणि तिथून पुढे वेळापत्रकात मिसळून जा. छातीत भरून येणे किंवा नेहमीच्या वेगात ठोके खूप वाढणे असे काही दिसले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नका. तीनपेक्षा जास्त आठवडे गेले असते, तर अर्धमॅरेथॉन धावा आणि पूर्ण अंतर पुढच्या मोसमात, असेच सांगितले असते.

पाच तासांचे लक्ष्य मात्र सोडा. अर्ध्या अंतराच्या वेळेची दुप्पट हा हिशेब पहिल्या मॅरेथॉनला लागू पडत नाही. दुप्पट अधिक २० ते ३० मिनिटे धरा. तुमच्यासाठी साडेपाच तास, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटे ४९ सेकंद. पहिले १० किलोमीटर दर किलोमीटरला ८ मिनिटांच्या आसपास धावा, गर्दीबरोबर वाहत जाऊ नका. घड्याळ शेवटी ४२.५ किंवा त्याहून जास्त दाखवेल, कारण वळणांवर सर्वांत आखूड रेषा सगळ्यांना साधत नाही. त्यामुळे वेग घड्याळातल्या किलोमीटरवर न मोजता रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर मोजा. आणि शर्यतीची कमाल वेळमर्यादा किती आहे ते नाव नोंदवतानाच बघून ठेवा, ती सहा तासांपेक्षा कमी असेल तर दुसरी शर्यत निवडा.