इंग्रजी ‘टँक’ हा शब्द आपल्या ‘टाकी’वरून आला का? आणि मग रणगाड्याला टँक का म्हणतात?

आधी हे स्पष्ट करतो की ‘टाकी’ हा ‘टँक’चा अपभ्रंश नाही. गच्चीवरच्या टाकीला ‘खरा शब्द टँक’ अशी दुरुस्ती सुचवणारे बरेच भेटतात आणि ते साफ चुकतात. गडावर असतं ते टाकं, अनेक असली की टाकी, जशी शिवनेरीवरची गंगा-यमुना टाकी. जुन्या लेखनात हाच शब्द अनुस्वारासकट ‘टांकें’ असा दिसतो. दगड घडवायची छिन्नी तीही टाकी, जिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ती. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे छिन्नीच. कातळात खोदलेल्या पाणसाठ्याला त्याच मुळातून नाव मिळालं, हे मला पटतं.

सर्वांत बोलका पुरावा इंग्रजांचाच आहे. जहांगीरच्या दरबारात आलेल्या टॉमस रो या इंग्रज राजदूताचा पाद्री एडवर्ड टेरी १६१६ च्या सुमाराच्या वर्णनात लिहितो की, इथे पुष्कळ तळी आहेत, त्यांना ‘ते’ टँक म्हणतात. ‘ते’ म्हणजे इथले लोक. शब्द शिकवायला आलेला माणूस असं लिहीत नाही.

पण म्हणून ‘इंग्रजांनी आपला शब्द चोरला’ हे फॉरवर्डही पुढे ढकलू नका. १४९८ साली वास्को द गामाची माणसं कालिकतला उतरली आणि तिथलं देऊळ त्यांना चर्च वाटलं. भिंतीवरच्या ‘संतांना’ चार-पाच हात आहेत, असं सफरीच्या रोजनिशीत नोंदवलंय, आणि त्याच वाक्यात पुढे खाली घडीव दगडाचं मोठं ‘तांके’ असल्याची नोंद आहे. नुकत्याच उतरलेल्या लोकांनी हा शब्द इथून उचलला असणं अवघड. तो त्यांनी घरूनच आणला होता. पोर्तुगीजमध्ये ‘एश्तांकार’ म्हणजे वाहतं पाणी अडवणं, त्यातलाच हा. पुढे सुरतेच्या इंग्रजांच्या कानावर गुजराती ‘टांकी’ आणि किनाऱ्यावरच्या व्यापारी बोलीतलं पोर्तुगीज ‘तांके’ हे दोन्ही पडत होते. दोन्हींचा उच्चार जवळचा, अर्थही जवळचा, म्हणून शब्द पक्का रुजला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशानेही एक भारतीय, एक युरोपीय असा दुहेरी उगम मांडलाय.

टाकीचं मूळ म्हणून काही जण संस्कृत ‘तडाग’ (तळं) पुढे करतात. तडागाचा तलाव होतो, टाकं होत नाही. सुरुवातीच्या ‘त’चा ‘ट’ कसा झाला आणि मधला अनुस्वार कुठून आला, हे आधी सांगा. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत लेण्यांतल्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय, हेही लक्षात घ्या. वस्तू दोन हजार वर्षांची असली म्हणून तिचं आजचं नाव तेवढंच जुनं ठरत नाही. व्युत्पत्ती तपासताना सर्वांत जुनी लेखी नोंद, ध्वनिबदल आणि शब्द कोणाकडून कोणाकडे जाऊ शकला, हे तिन्ही जुळायला हवं. नुसत्या उच्चारसाम्यावर ताणलेल्या व्युत्पत्त्यांनी मराठीचं हसंच होतं.

भारतातल्या इंग्रजीत टँक म्हणजे तलावच राहिला. मुंबईतलं सी. पी. टँक किंवा गवालिया टँक ही नावं त्यातलीच. बंदिस्त टाकी हा अर्थ पुढचा.

आता रणगाडा. १९१५ मध्ये ब्रिटिश नौदल खात्याने ‘लँडशिप’ (जमिनीवरचं जहाज) नावाने या यंत्राचं काम सुरू केलं, पण त्या नावाने गुपित फुटलं असतं. बांधणी लिंकन गावातल्या कारखान्यात. पत्र्याचा तो अवाढव्य सांगाडा म्हणजे पाणी वाहून नेणारं वाहन, अशी बतावणी ठरली. मात्र ‘वॉटर कॅरिअर’ची आद्याक्षरं डब्ल्यू. सी., म्हणजे संडास, म्हणून ते नाव बाद. डिसेंबर १९१५ मध्ये कर्नल स्विंटन आणि सहकाऱ्यांनी सिस्टर्न, रिझर्व्हॉयर असे पर्याय बाजूला ठेवून ‘टँक’ निवडलं, कारण ते छोटं आणि संशय न येणारं. १५ सप्टेंबर १९१६ ला पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत टँक पहिल्यांदा उतरले आणि टोपणनाव कायमचं चिकटलं.

‘टँक टॉप’चा मात्र रणगाड्याशी संबंध नाही. तो पोहण्याच्या टँकवरून, म्हणजे तिथे घालायच्या ‘टँक सूट’वरून आला.

एक राहिलं. इंग्रजी कोश सहसा गुजराती ‘टांकी’ आधी देतात, कारण इंग्रजांची वखार सुरतेला होती. मराठी ‘टांकें’ हे तिचं भावंड. त्यामुळे ‘टँक मराठीतून आला’ असं ठोकून सांगू नका. ‘टाकी’ला इंग्रजी ठरवणाऱ्याला मात्र जरूर अडवा.