वर्गातल्या टीव्हीवर फोनची स्क्रीन : चित्र का अडकतं, आयफोन का सापडत नाही, आणि डोंगल घ्यावा का

गुरुजी, तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत, म्हणून उत्तर लांबणार. तुम्ही दिलेली माहिती अशी: जिल्हा परिषदेची शाळा, लोकसहभागातून आलेला ४३ इंची टीव्ही, ब्रॉडबँड नाही, नेट म्हणजे तुमच्याच फोनचा हॉटस्पॉट. तुमचा अँड्रॉइड फोन टीव्हीला जोडला जातो, पण पाच-दहा मिनिटांनी चित्र अडखळायला लागतं. शेजारच्या वर्गावरच्या बाईंच्या आयफोनला टीव्ही दिसतच नाही. ओटीटीवरचा माहितीपट लावला तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. दुकानदार म्हणतो, डोंगल (टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसवायचं छोटं यंत्र) घ्या, सगळं सुटेल.

सगळं सुटणार नाही. आधी हे बघा, की तुम्हाला जे दाखवायचंय ते फोनमध्ये आहे की इंटरनेटवर. बाकीचं सगळं यावरच अवलंबून आहे.

यूट्यूबच्या कोपऱ्यातलं कास्टचं चिन्ह दाबलं की फोन टीव्हीला फक्त पत्ता देतो, माल टीव्ही स्वतः जाऊन आणतो. व्हिडिओ फोनमधून जातच नाही. टीव्ही तो थेट नेटवरून ओढतो, म्हणून फोन खिशात ठेवला, दुसरं काही उघडलं, तरी चित्र चालू राहतं. २०१३ साली गूगलचा क्रोमकास्ट डोंगल आला तो याच तत्त्वावर. याला टीव्हीकडे नेट लागतं, आणि फोन व टीव्ही एकाच वाय-फायवर असावे लागतात.

मिररिंगमध्ये, म्हणजे फोनची स्क्रीन जशीच्या तशी टीव्हीवर दाखवण्यात, हे उलट होतं. फोन स्वतःच्या स्क्रीनचं चित्र सेकंदाला तीसेक किंवा साठ वेळा घेतो, तिथल्या तिथे दाबून लहान करतो आणि हवेतून टीव्हीकडे फेकतो. वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये यासाठी मिराकास्ट नावाचं मानक आणलं. त्यात फोन आणि टीव्ही वाय-फाय डायरेक्टने एकमेकांना थेट जोडले जातात. मध्ये राउटर नको, इंटरनेटही नको. तुमच्या शाळेसाठी ही फार कामाची गोष्ट आहे आणि बहुतेकांना ती माहीतच नसते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड घरी स्कॅन करून दीक्षा अॅपमध्ये घटक डाउनलोड करून ठेवलात, तर वर्गात नेटचा एक थेंब नसतानाही तो मिररिंगने टीव्हीवर चालतो. (सॅमसंगमध्ये याला ‘स्मार्ट व्ह्यू’ म्हणतात, बाकीच्यांत ‘कास्ट’, ‘स्क्रीनकास्ट’, ‘वायरलेस डिस्प्ले’ अशी काहीही नावं सापडतात. कंपन्यांनी नावांचा जो गोंधळ घातलाय त्याला तोड नाही.)

आता अडखळण्याकडे येऊ, कारण तुमचा खरा त्रास तोच आहे.

१०८० पी (फुल एचडी) चित्र, सेकंदाला ६० वेळा, न दाबता पाठवायचं तर सेकंदाला जवळजवळ ३ अब्ज बिट होतात. हवेतून ते शक्य नाही, म्हणून फोन ते दाबून काही मेगाबिटांवर, फार तर दहा-वीस मेगाबिटांवर आणतो. हा प्रवाह सलग जायला हवा. यूट्यूबसारखा पुढचा भाग आधीच साठवून ठेवायची सोय इथे नाही, कारण तुम्ही पुढे काय दाबणार हे फोनला माहीत नसतं. हवेत अर्धा सेकंद अडथळा आला तरी लगेच पडद्यावर दिसतो. मधला तुकडा हरवला तर चौकोन-चौकोन दिसतात आणि पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत तसेच राहतात.

यात हॉटस्पॉटचा घोळ मिसळा. बहुतेक फोनमध्ये वाय-फायचं काम एकच रेडिओ, म्हणजे लहरी पाठवणारा-घेणारा भाग, करतो. हॉटस्पॉट लहरींच्या एका चॅनलवर (ठरावीक वाटेवर) आणि टीव्हीशी जोडणी दुसऱ्या चॅनलवर असली, की त्याला सतत इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात. बरेच फोन हे करायला सरळ नकार देतात आणि मिररिंग सुरू करताना हॉटस्पॉट बंद करायला सांगतात. जे करतात ते रडतखडत करतात. त्यात आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकर लावला असेल तर तोही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो. वाय-फायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी हा एक, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच, १, ६ आणि ११. शाळेशेजारी वस्ती असेल तर ती आधीच भरलेली असणार.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. फोन विमान मोडवर टाका, मग फक्त वाय-फाय चालू करा. ब्लूटूथ बंद. कोणत्याही नेटवर्कला जोडू नका. आधी डाउनलोड केलेला व्हिडिओ घ्या, टीव्हीला मिरर करा आणि वीस मिनिटं चालू द्या. चित्र नीट चाललं तर दोष हॉटस्पॉटचा किंवा ब्लूटूथचा.

पण तुमच्या वर्णनातला ‘पाच-दहा मिनिटांनी’ हा भाग मला वेगळीच शंका देतो. हवेतली गर्दी असेल तर चित्र पहिल्या मिनिटापासूनच अडखळतं. काही वेळ चांगलं चालून मग बिघडत असेल तर फोन तापतोय. व्हिडिओ उलगडायचा, पुन्हा स्क्रीनचं चित्र दाबायचं, वर रेडिओ सतत चालू, आणि तुम्ही तो चार्जिंगलाही लावलेला असणार. वर पत्रा आणि एप्रिलचा महिना असेल तर बोलायलाच नको. ठरावीक तापमानाच्या वर फोन स्वतःच वेग कमी करतो. कव्हर काढा, मिररिंग करताना चार्जर लावू नका, स्क्रीनचा उजेड कमी करा (टीव्हीवरच्या चित्राला त्याने फरक पडत नाही) आणि फोन पंख्याखाली ठेवा. बॅटरी सेव्हरही बंद ठेवा, त्यानेही फोन मंदावतो.

अजून एक, आणि ही गोष्ट शाळांमध्ये फार बघायला मिळते. चोरीच्या भीतीने टीव्ही लोखंडी पेटीत बसवतात, समोर दोन दारं, कुलूप. दारं उघडली तरी मागची आणि बाजूची पत्र्याची भिंत तशीच राहते. टीव्हीचा वाय-फाय अँटेना आतल्या बाजूला, बहुधा मागे किंवा खालच्या कडेला असतो. म्हणजे लहरींना फक्त समोरून, टीव्हीच्या पडद्याला वळसा घालून आत जावं लागतं. तुमचाही तसाच असेल तर एकदा टीव्ही पेटीबाहेर टेबलावर ठेवून बघा. फरक लगेच कळेल.

चित्र अडखळत नाही पण अक्षरं फिसकटतात, ही तक्रारही पुढे येईलच, म्हणून आत्ताच सांगतो. चित्र दाबताना उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक बिंदूची ठेवतात, पण रंगाची माहिती चार बिंदूंमागे एकदाच ठेवतात. फोटोत ते कळत नाही. निळ्या पाटीवर लाल बारीक अक्षरं असतील तर मात्र कडा विरघळतात, आणि देवनागरीत आधी अनुस्वार आणि रफार जातात. मग शेवटच्या बाकावरचा मुलगा ‘अंत’ला ‘अत’ वाचतो. स्लाइड स्वतः बनवत असाल तर पांढऱ्यावर काळी, मोठी अक्षरं ठेवा, सजावट सोडा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राच्या कडा कापणारा मोड असेल तर तो बदलून ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ करा, नाहीतर पहिली ओळ अर्धी कापली जाते. फोन आडवा धरायचा हे सांगायला नकोच.

बाईंच्या आयफोनचं कारण सरळ आहे. अॅपलने मिराकास्ट कधीच घेतलं नाही, त्यांचं स्वतःचं एअरप्ले आहे, २०१० पासून. सॅमसंग, एलजी, सोनी यांच्या २०१९ नंतरच्या बऱ्याच टीव्हींमध्ये एअरप्ले २ आहे, पण स्वस्त टीव्हींमध्ये बहुधा नसतं. तुमच्या टीव्हीवर प्ले स्टोअर चालत असेल तर ‘एअरस्क्रीन’सारखं अॅप टाकून टीव्हीला एअरप्ले समजायला लावता येतं, फक्त आयफोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. गंमत म्हणजे उद्या कुणी गूगलचा पिक्सेल फोन आणला तर तोही मिराकास्टला जोडला जाणार नाही. अँड्रॉइडमध्ये मिराकास्ट २०१२ मध्ये आलं आणि अँड्रॉइड ६ च्या वेळी गूगलने आपल्या फोनांतून ते काढून टाकलं. पिक्सेलला टीव्हीत क्रोमकास्टच लागतो. दोन चांगले फोन आणि दोन चांगले टीव्ही घेऊनही चार जोड्यांपैकी दोन जुळत नाहीत, त्यामागे तांत्रिक अडचण कमी आणि कंपन्यांची आपापली कुंपणं जास्त.

लॅपटॉप असेल तर विंडोज १० किंवा ११ मध्ये विंडोजचं बटण आणि ‘के’ एकत्र दाबा, आसपासचे मिराकास्ट टीव्ही दिसतात. टीव्ही दिसतो पण जोडणी होत नाही, असं झालं तर आधी व्हीपीएन आणि अँटिव्हायरसची फायरवॉल बंद करून बघा.

काळ्या पडद्याचं कारण बिघाड नाही. ओटीटी अॅप स्वतःच फोनला सांगतं, की माझं चित्र कुणाला घेऊ देऊ नकोस. स्क्रीनशॉट काळा येतो त्याच कारणाने मिररिंगही काळं येतं. आवाजावर ते बंधन नसतं, म्हणून आवाज येत राहतो. यावरच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत, त्यांच्या नादी लागू नका. अॅपमध्येच कास्टचं चिन्ह असेल तर ते वापरा, नाहीतर टीव्हीवरचं अॅप उघडा. दोन्हीला टीव्हीवर नेट लागेल. त्यासाठी टीव्ही तुमच्या हॉटस्पॉटला जोडा, पण ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे त्याच फोनवरून कास्ट बऱ्याचदा होत नाही. बाईंच्या आयफोनचा हॉटस्पॉट, त्यावर टीव्ही आणि तुमचा फोन, अशी जोडी जमते. वर्गात ओटीटी दाखवण्याच्या परवानगीचा प्रश्न वेगळा, तो तुम्ही बघालच.

आता डोंगल. बाजारात हजारभर रुपयांत मिळणारे बिननावाचे डोंगल मी फारसे सुचवत नाही. त्यातले बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे गर्दी तीच. शिवाय ते टीव्हीच्या यूएसबीतून वीज घेतात. यूएसबी २ चा पोर्ट ठरल्याप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, डोंगलला अधूनमधून त्याहून जास्त लागते, आणि मग तो मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. घ्यायचाच असेल तर वीज भिंतीवरच्या चार्जरमधून द्या. तुमच्या टीव्हीत मिराकास्ट आधीपासून चालतंय, त्यामुळे अशा डोंगलने तुमच्या पदरात नवीन काहीच पडणार नाही. चांगला, कास्टवाला डोंगल घेतला तर पिक्सेल आणि कास्टचा प्रश्न सुटतो, पण त्याला नेट हवं, आणि तो कंपनीच्या सर्व्हरवर विसंबून असतो. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट जगभर एकदम बंद पडले, कारण त्यांच्या आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली खरी, पण ज्यांचा कार्यक्रम त्याच दिवशी होता त्यांचं काय?

तेच पैसे मी दुसरीकडे लावीन. दीड-दोन हजारांत दोन्ही पट्ट्यांचा राउटर मिळतो. त्याला नेट जोडू नका, फक्त विजेला लावा. ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा आपल्याकडे २०१८ पासून परवान्याशिवाय मोकळा आहे आणि तिथे गर्दी कमी असते. टीव्ही आणि फोन त्यावर घ्या (टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर चालतो का, ते आधी बघा), म्हणजे एअरस्क्रीनमार्फत बाईंचा आयफोनही चालेल. फोन ‘इंटरनेट नाही’ म्हणून कुरकुर करेल, तरी ‘जोडलेलं ठेवा’ निवडा. पाहुणे आले म्हणून राउटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ मात्र सुरू करू नका. त्यावरची यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत, आणि मग फोनला टीव्ही का सापडत नाही याचा शोध घेण्यात दिवस जातो.

आणि रोज लागणारी गोष्ट असेल तर वायर. जुना लॅपटॉप असला तर पाच मीटरची एचडीएमआय केबल टाका आणि विसरून जा. फोनच्या टाइप-सी मधून एचडीएमआय काढणारं अॅडॉप्टर घेण्याआधी फोन ‘डिस्प्लेपोर्ट’ (त्याच खाचेतून चित्र बाहेर पाठवायची सोय) देतो का ते बघा. वीस हजारांच्या आतले बहुतेक फोन देत नाहीत, आणि अॅडॉप्टर दुकानदार परत घेत नाही. नुसते व्हिडिओच दाखवायचे असतील तर पेनड्राइव्ह टीव्हीला लावा, त्याच्याइतकं बिनबोभाट काही चालत नाही. फक्त फाइल एमपी४ असावी आणि पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या आत.

वर्गात मिररिंग सुरू करण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. तुमच्या व्हॉट्सअॅपवरचे निरोप आणि बँकेचा ओटीपी चौथीच्या मुलांनी मोठ्याने वाचायला नको. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नव्या फोनला दर वेळी परवानगी विचारण्याचा पर्याय असतो, तोही चालू ठेवा, नाहीतर मोठ्या मुलांपैकी कुणीतरी मधल्या सुट्टीत रील लावेल.

आधी विमान मोडवाली चाचणी करा आणि काय झालं ते इथेच लिहा. सोबत टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, तुमच्या फोनचं नाव आणि टीव्ही पेटीत आहे की भिंतीवर, एवढं द्या. ५ गिगाहर्ट्झ आहे की नाही ते त्या नंबरावरून बघून सांगतो.