महिन्याला साडेचारशे किलोमीटर आणि मनाची टोचणी

सप्रेम नमस्कार,

पत्रासोबत सर्व्हिस बुकाच्या पानांचे फोटो पाठवलेत, त्याबद्दल आधी आभार. गाडी बदलू का असं विचारणारे बहुतेकजण मला मॉडेल सांगतात, रंगसुद्धा सांगतात. रनिंग कुणी सांगत नाही. तुमच्या पुस्तकातल्या शेवटच्या शिक्क्यापाशी ३२,४०० किलोमीटर लिहिलंय आणि गाडीला सहा वर्षं झालीत. म्हणजे वर्षाला ५,४००, महिन्याला ४५०. माझ्या उत्तराचा निम्मा भार या एका आकड्यावर आहे.

इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. ताई आणि त्यांचे पती दोघंही नोकरीत, निवृत्तीला नऊ वर्षं उरलीत. पेट्रोल गाडीचं कर्ज फिटलंय, गाडी कुरकुर न करता चालते. ऑफिसला दोघंही ट्रेनने जातात, गाडी निघते ती शनिवार-रविवारी. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचं म्हणणं, पेट्रोल जाळणं हा आता गुन्हाच आहे, इलेक्ट्रिक घ्या. वडिलांचं म्हणणं, त्या बॅटरीत काँगोतल्या पोरांचे हाल भरलेत, तुझी इलेक्ट्रिक तुलाच लखलाभ. रोज रात्री जेवताना हीच खडाजंगी. ताईंचा बेत असा की नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीपैकी चाळीस टक्के निवृत्तीच्या निधीतून काढायचे आणि साठ टक्क्यांचं पाच वर्षांचं कर्ज घ्यायचं. हप्ता सध्याच्या पेट्रोलखर्चाच्या जवळपास सातपट बसतो, हे त्यांनीच कंसात लिहिलंय.

पैशाचं आधी उरकतो, कारण त्यात वाद घालण्यासारखं फारसं नाही. उद्या वीज फुकट मिळाली आणि पेट्रोलचा खर्च शून्यावर आला, तरी सातातला एकच भाग सुटतो. उरलेले सहा खिशातूनच जाणार. गाडीची किंमत १०० धरा. १० टक्के दराने पाच वर्षांसाठी ६० उचलले तर व्याजापोटी साधारण साडेसोळा जातात. आणि निधीतून काढलेले ४० तसेच राहिले असते, ८ टक्क्यांनी वाढले असते, तर तुम्ही निवृत्त व्हाल त्या वर्षी त्यांचे ८० झाले असते. गाडी तोवर नऊ वर्षांची झालेली असेल, आणि नऊ वर्षांच्या गाडीला बाजारात काय भाव येतो हे तुम्ही जाणताच. जुन्या गाडीचे जे काही येतील ते यातून वजा करा, तरी चित्र बदलत नाही. पैशाच्या बाजूने उत्तर ‘नको’ असंच आहे.

पण तुम्ही नुसता पैशाचा प्रश्न विचारलेलाच नाही. ‘मनाला लागलंय, त्याची किंमत मोजायची माझी तयारी आहे,’ असं तुम्ही लिहिलंय. मला ते हास्यास्पद वाटत नाही. लोक मुलांच्या लग्नात याहून जास्त खर्च करतात आणि कुणी सल्लागाराला विचारत नाही. फक्त एवढी किंमत मोजून हातात नक्की काय पडतंय ते बघू.

आधी धूर. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड नळीतून बाहेर पडतो. तेल उपसणं, शुद्ध करणं, टँकरने पंपापर्यंत आणणं हे धरलं की पावणेतीनच्या आसपास. लिटरला पंधराचं ॲव्हरेज धरलं तर तुम्हाला वर्षाला ३६० लिटर लागतात, म्हणजे सुमारे एक टन. तेवढंच अंतर इलेक्ट्रिकने कापायला, चार्जिंगमधली गळती धरून, नऊशेवर थोडे युनिट पुरतात. ती वीज मुख्यतः कोळशाची असेल आणि युनिटमागे ७०० ग्रॅम कार्बन धरला, तर साडेसहाशे किलो होतात. निम्मीअर्धी स्वच्छ असेल आणि ४०० ग्रॅम धरला, तर पावणेचारशे. पाण्यावर, वाऱ्यावर, सूर्यावर चालणारी असेल तर जेमतेम पन्नास. म्हणजे कुठल्याही विजेवर इलेक्ट्रिक जिंकते, कारण मोटर बॅटरीतली बहुतेक शक्ती चाकाला देते आणि पेट्रोलचं इंजिन तीन-चतुर्थांश तरी उष्णतेत घालवतं. बॉनेटवर हात ठेवून बघा, तुमचे पैसे तिथे तापलेले असतात.

पण इलेक्ट्रिक गाडी जन्माला येतानाच कर्ज घेऊन येते. बॅटरीचा एक किलोवॉट-तास, म्हणजे एक युनिट वीज मावेल एवढा भाग, बनवताना साधारण ६० ते १०० किलो कार्बन हवेत जातो. जगातले बहुतेक सेल चीनमध्ये बनतात आणि तिथल्या विजेत कोळसा मोठा आहे. ४० किलोवॉट-तासांची बॅटरी धरली तर झाले तीन टन. पेट्रोल गाडीच्या तुलनेत हे तीन टन फेडायला तुमच्या रनिंगने कोळशाच्या विजेवर जवळपास नऊ वर्षं लागतात, मिश्र विजेवर पाच, स्वच्छ विजेवर तीन.

एवढ्यावर हिशोब थांबवला असता तर मुलगी थोडक्यात जिंकली असती. पण तुमच्यापुढे नवी पेट्रोल की नवी इलेक्ट्रिक असा प्रश्न नाहीच. चालू गाडी काढून नवी घ्यायची का, हा प्रश्न आहे. मग नव्या गाडीचा पत्रा, काच, टायर, ॲल्युमिनियम हेही खात्यावर चढतं, ते आणखी पाच-सहा टन. धरा आठ टन. कोळशाच्या विजेवर वर्षाला साडेतीनशे किलो वाचवून आठ टन फेडायचे तर वीसहून जास्त वर्षं हवीत. अगदी स्वच्छ विजेवरही आठेक वर्षं. मुलगी म्हणेल, जुनी गाडी भंगारात थोडीच जाणार आहे, कुणीतरी वापरेलच. बरोबर. ती गाडी दुसऱ्या कुणाच्या त्याहून जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाडीची जागा घेणार असेल तर फायदा खरा. पण घेणारा तुमच्या दुप्पट फिरणारा निघाला तर धूर वाढला. ते तुमच्या हातात नाही, म्हणून मी ते जमेतही धरत नाही आणि नावेही टाकत नाही.

आता वडिलांचा मुद्दा. तो मला मुलीच्या मुद्द्याइतकाच गंभीर वाटतो, आणि जास्त अवघड.

जगातल्या कोबाल्टपैकी सुमारे सत्तर टक्के काँगोतून येतं. त्यातलं बरंचसं मोठ्या यांत्रिक खाणींतलं, पण काही भाग कोल्वेझी या खाणींच्या शहराच्या आसपास हाताने खणलेल्या बिळांतून येतो. तिथे माणसं दोरीला धरून खाली उतरतात, आधाराला लाकूड नसतं, पावसात बीळ ढासळतं. मुलं दगड वेचतात, धुतात, पोती वाहतात. अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने २०१६ साली हे सगळं लिहून जगापुढे मांडलं. वडील सांगतात ते खोटं नाही. एक मात्र विनम्रपणे सांगायला हवं: त्यांनी या खाणींचा व्हिडिओ ज्या मोबाइलवर बघितला, त्याच्या बॅटरीतही कोबाल्ट असतंच. पेट्रोल-डिझेलमधलं गंधक काढायला रिफायनरीत जो उत्प्रेरक वापरतात त्यातही असतं. प्रमाण बॅटरीपेक्षा फारच कमी, पण पेट्रोलचे हात कोबाल्टपुरतेही अगदी कोरे नाहीत.

आणि पेट्रोलचं स्वतःचं जुनं खातं? नायजेरियात, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात १९५६ साली तेल सापडलं. त्याच प्रदेशातल्या ओगोनी लोकांच्या जमिनीवर, ओढ्यांवर, खाड्यांवर वर्षानुवर्षं तेल सांडत राहिलं. त्याविरुद्ध उभा राहिलेला लेखक केन सारो-विवा याला १९९५ च्या नोव्हेंबरात लष्करी राजवटीने फाशी दिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०११ मध्ये तपासलं तेव्हा एका वस्तीतले लोक ज्या विहिरींचं पाणी पीत होते, त्यात बेंझिन हे कर्करोगकारक रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशेपटींहून जास्त निघालं. पूर्ण साफसफाईला पंचवीस-तीस वर्षं लागतील, असं त्या अहवालात म्हटलं होतं. शिसं घातलेलं पेट्रोल तर १९२० च्या दशकात बाजारात आलं, मुलांच्या मेंदूला इजा करतं हे कळल्यावरही विकलं गेलं आणि गाड्यांसाठी जगातून पुरतं हद्दपार झालं ते २०२१ साली. या गोष्टींचे व्हिडिओ आपल्याला कमी येतात, कारण त्या जुन्या झाल्या. जुना अन्याय अंगवळणी पडतो.

दोघांची पापं तराजूत घालून कुणाचं जड, हे ठरवायला मी नीतिशास्त्राचा माणूस नाही. पण हिशोबनीस म्हणून एक फरक दिसतो. पेट्रोल हा चालू खर्च आहे, बॅटरी हा भांडवली खर्च. तुमच्या रनिंगने पंधरा वर्षांत ५,४०० लिटर पेट्रोल लागेल, वजनात सुमारे चार टन, आणि त्यातला एक थेंब परत येणार नाही. दर वेळी टाकी भरली की कुठल्यातरी विहिरीचं झाकण पुन्हा उघडतं. ४० किलोवॉट-तासांच्या बॅटरीत लिथियम असतं चार-पाच किलो. ते एकदा खणलं जातं, त्याचे ओरखडे जमिनीवर खरेच राहतात. चिलीतल्या आताकामाच्या वाळवंटात ते मिठागरांमधून काढतात आणि खारं पाणी उन्हात उडून जातं. पण धातू बॅटरीतच राहतो. गाडी मोडीत निघाली की तो वितळवून, गाळून परत काढता येतो. भांडवल सांभाळलं तर पुढच्या पिढीला देता येतं, उडवलेला चालू खर्च कुणाला देणार?

शिवाय वडिलांच्या आक्षेपावर एक थेट उत्तर बाजारात आहे, आणि ते शोरूममधला मुलगा आपणहून सांगेलच असं नाही. एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत कोबाल्ट नसतं, निकेलही नसतं. तेवढ्याच रेंजसाठी ती थोडी जड होते, कडाक्याच्या थंडीत जरा रुसते, पण चार्जिंगची आवर्तनं भरपूर सोसते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) लिहिलेलं असेल तर त्यात कोबाल्ट आलं. ब्रोशरमध्ये केमिस्ट्री छापलेली नसेल तर ईमेलवर लेखी मागा. तोंडी ‘हो हो, तीच आहे’ यावर विसंबू नका.

तर माझा सल्ला असा. निवृत्तीच्या निधीला हात लावू नका. आहे ती गाडी चालवा: टायरमधली हवा महिन्यातून एकदा बघा, सर्व्हिस चुकवू नका. त्या कल्पित हप्त्याचा एक तृतीयांश भाग दर महिन्याला ‘पुढची गाडी’ नावाने वेगळा टाकायला आजपासून सुरुवात करा. चार-पाच वर्षांत किमतीचा साधारण पाव हिस्सा जमेल आणि कर्ज तेवढं छोटं होईल. तोवर विजेत स्वच्छ वाटा वाढला तर इलेक्ट्रिक गाडी घरात उभ्या उभ्या आणखी स्वच्छ होईल. पेट्रोल गाडी मात्र पहिल्या दिवशी जेवढी स्वच्छ असते त्याहून पुढे कधीच होत नाही.

पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून तुम्ही भावाचा उल्लेख केलाय. तो विक्रीच्या कामात, महिन्याला दोन हजार किलोमीटर, त्याची गाडी आता दुरुस्तीपलीकडे गेलीय आणि तो पुन्हा पेट्रोलच घ्यायला निघालाय. ताई, खरा प्रश्न तिथे आहे! त्याच्या रनिंगला कोळशाच्या विजेवरसुद्धा वर्षाला दीड टनाहून जास्त कार्बन वाचतो, म्हणजे बॅटरीचे तीन टन दोन वर्षांत फिटतात. त्याला गाडी घ्यायचीच आहे, त्यामुळे पत्र्याचा हिशोब दोन्हीकडे सारखाच. पेट्रोलचं बिलही तुमच्या चौपटीहून मोठं, त्यामुळे किमतीतला फरक त्याला भरून निघू शकतो. घरात उद्या मुलीने एखादा रविवार मामासोबत बसून त्याची इंधनाची बिलं आणि चार्जिंगची सोय तपासली, तर तिच्या हातून तुमची गाडी बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त धूर थांबेल. त्याला उसने पैसे मात्र देऊ नका. तो माझा वेगळा, जुना आग्रह.

तुमच्यासाठी तीन अटी सर्व्हिस बुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. रनिंग सलग सहा महिने दरमहा हजार किलोमीटरवर गेलं, किंवा एकाच दुरुस्तीचा खर्च गाडीच्या तेव्हाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शावर गेला, किंवा ‘पुढची गाडी’ खात्यात नव्या गाडीच्या किमतीच्या सत्तर टक्के रक्कम जमली, की इलेक्ट्रिक बघायला निघा. तेव्हा बॅटरी शनिवार-रविवारपुरती छोटी घ्या. वर्षातून दोनदा होणाऱ्या लांबच्या प्रवासासाठी ७५ किलोवॉट-तास बारा महिने ओढत फिरू नका. बॅटरीची वॉरंटी बहुधा आठ वर्षांची असते, त्यात क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देतात तो आकडा वाचा. जेवणाच्या टेबलावर वडिलांना एलएफपीचा परिच्छेद दाखवा, मुलीला आठ टनांचा.