आईचं घर रिकामं करताना आधी काय काढावं, शेवटी काय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई जानेवारीत गेल्या, ठाण्याच्या नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, दोन महिन्यांत चावी द्यायचीय. पुण्याचा भाऊ म्हणतो, माणसं बोलावून एका दिवसात रिकामं करून टाक. मामी म्हणतात, वर्षश्राद्धापर्यंत कपाटाला हात लावायचा नाही. आणि तुम्ही दर रविवारी ऐरोलीहून येता, कुलूप उघडता, चहा करून पिता आणि परत जाता.

चरईला सासू-सासऱ्यांचं आणि नंतर डोंबिवलीला माझ्या आईचं सामान मीच आवरलं. नात्यातल्या आणखी काही घरांतही हाताखाली होते. बहुतेक ठिकाणी एकच प्रकार पाहिला. लोक आधी कागद, वह्या, फोटो काढतात, कारण ते हलकं असतं आणि रद्दीवाला दारातच येतो. सोफा, फ्रीज, गाद्या मात्र शेवटपर्यंत अडवून बसतात, कारण 'त्याला पैसे पडलेत'. तुम्ही नेमकं उलट करा. जे बाजारात परत मिळतं ते आधी घालवा. जे कुठेच मिळणार नाही, ते नुसतं एका जागी गोळा करा आणि निवडायचं नावसुद्धा काढू नका.

मामींना दुखवू नका, पण त्यांचं म्हणणं रीतीला धरूनही नाही. बाराव्या-तेराव्याला शय्यादान करतात ते काय असतं? अंथरूण-पांघरूण, छत्री, चपला, म्हणजे गेलेल्या माणसाच्या रोजच्या गरजेच्या वस्तू दुसऱ्याला देणं. तेव्हा गादी आणि रोजच्या साड्या आज दिल्यात तर काही बिघडत नाही. भावाला मात्र ठणकावून सांगा, 'सगळं घेऊन जातो' म्हणणारा माणूस घरात घ्यायचा नाही. तो भाव वजनावर लावतो, आणि कपाटातल्या कागदाखाली काय आहे ते बघायला तुम्ही तिथे नसता.

कागदाखाली म्हणजे खरंच कागदाखाली. फळीवर अंथरलेलं वर्तमानपत्र, गोदरेजचा चोरकप्पा, साड्यांच्या घड्या, देव्हाऱ्याची मागची बाजू, डाळीचे डबे, सगळं बघा. पोस्टाची सर्टिफिकेटं, एफडीच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अशाच जागी सापडतं. नोटाही सापडतील. दोन हजाराच्या असल्या तर रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसांत बदलून मिळतात, त्यातलं एक नवी मुंबईत बेलापूरलाच आहे. जुन्या पाचशे-हजाराच्या मात्र आता कागदच. आठवण म्हणून एखाददुसरी ठेवा, गठ्ठा ठेवू नका, 2017 च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा जास्त नोटा बाळगणं गुन्हा आहे.

सापडलेला प्रत्येक कागद एका सुटकेसमध्ये टाका, वाचत बसू नका. फाटकं, बंद पडल्यासारख्या कंपनीचं शेअर सर्टिफिकेटसुद्धा. सलग सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नाही तर ते शेअर सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात, पण वारसांना अर्ज करून परत मागता येतात. बँकेत दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे. एटीएमचा पिन माहीत असला तरी आता पैसे काढू नका, उद्या भावाने हिशेब विचारला की उत्तर देणं जड जातं. रीतसर क्लेम करा.

फ्लॅटचं काम सामानाच्याही आधीचं आहे. नॉमिनी तुम्ही असलात तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस ठरेपर्यंत सोसायटी नॉमिनीला प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, मेंबर करते. मृत्युपत्र नसेल तर आईच्या स्वतःच्या नावावरच्या घरात हिंदू वारसा कायद्याने मुलगा, मुलगी आणि हयात असतील तर वडील, सगळे सारखे वाटेकरी. एकाने दुसऱ्याच्या नावे सोडायचं ठरवलं तर हक्कसोडपत्र रजिस्टर करा. बिल्डरच्या करारावर सही कोण करणार ते लेखी ठरल्याशिवाय फ्लॅटचं मूळ ॲग्रीमेंट हातातून सोडू नका.

आता भांडी. स्टीलला फारसं काही येत नाही, शेजारीपाजारी नाहीतर भंगारवाल्याला देऊन मोकळ्या व्हा. तांब्या-पितळेची मोड जांभळी नाक्याकडच्या भांड्यांच्या दुकानांत विचारा, दोन ठिकाणी तरी. कडी किंवा कान लोखंडाचा असेल तर त्याचं वजन वजा होतं, तेव्हा वाद घालू नका. पण मोडीत घालण्याआधी प्रत्येक भांड्याचा काठ वाचा. सासूबाईंच्या एका पितळी पातेल्याच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, 'कल्याण एक्स्चेंजच्या मैत्रिणींकडून, बदलीनिमित्त'. त्या टेलिफोनमध्ये होत्या हे सगळ्यांना माहीत, कल्याणला होत्या हे त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं. अक्षरं झिजलेली असली तर मोबाईलची टॉर्च आडवी धरा, उठून दिसतात. फोटो काढा आणि मग भांडं खुशाल द्या. ठेवायचा तो मजकूर असतो, चार किलो पितळ नव्हे.

कपड्यांचं लोक फार मनाला लावून घेतात, पण सुरुवात केली की एका दुपारचं काम आहे. रोजच्या सुती साड्यांतल्या मऊ झालेल्या चार-पाच निवडून गोधडी शिवायला द्या, एक तुम्हाला, एक भावाकडे. बाकीच्या धुऊन, घडी घालून द्या. आईकडे कामाला येणाऱ्या मावशींना सगळ्यात आधी विचारा, आणि त्यांना हवं ते त्यांनाच निवडू द्या. आपल्याला नको ते त्यांच्यापुढे करायचं, हे मला अजिबात पटत नाही. पैठणी आणि जरीच्या साड्या मलमलीत गुंडाळा, घडी मोडून दुसरीकडून घाला, जरीजवळ डांबरगोळ्या ठेवू नका. 'जुनी जर घेणार' म्हणत येणाऱ्याला साडी दाखवण्याआधी जरतार खरी चांदीची आहे का ते सराफाकडून बघून घ्या.

औषधांच्या उघडलेल्या स्ट्रिप संडासात ओतू नका. मुदत संपलेली औषधं आणि इन्सुलिनच्या सुया घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून, झाकण चिकटवून, वर लिहून वेगळ्या द्या. वॉकर, कमोड खुर्ची, एअरबेड रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या संस्था घेतात, आधी फोन करा.

पुस्तकांचंही तसंच. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचं आहे म्हणून काहीही घेईल असं नाही. यादी करून विचारा, कसर लागलेलं आणि ओल आलेलं यादीत धरूच नका.

देव्हाऱ्यापाशी तुम्ही अडलाय असं लिहिलंत. टाक कुळाचे, ते भावाकडे जाणार, त्यात वाद नसावा. पण अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण आईने लग्नात माहेराहून आणलेले असतात. वहिनीची स्वतःची अन्नपूर्णा असेलच, तुमचीही असेल. दोन ठेवायच्या नाहीत असं कुणी म्हणालं तर नातीच्या लग्नासाठी पुसून, कापडात बांधून ठेवा. आमच्याकडे तसंच केलं, आणि कुणाची तक्रार आली नाही. तडा गेलेल्या तसबिरींची काच काढा, फ्रेम भंगारात, कागद विसर्जनाला. तसबीर पिंपळाखाली नेऊन ठेवणं मात्र नको, तलावपाळीच्या कडेला तर मुळीच नको.

सोन्याची वाटणी या दोन महिन्यांत करूच नका. दोघांच्या समोर वजन, फोटो, दोघांच्या सह्यांची यादी, आणि लॉकर. 'आई मला म्हणाली होती' असं दोन्हीकडून निघणारच. जे दोघांनीही आईच्या तोंडून ऐकलंय ते मान्य करा, बाकीचं एकाच दिवसाच्या सोन्याच्या दराने लावा. किमतीने समसमान पण मनाने नाही असे एक-दोन जिन्नस उरतात, त्याला चिठ्ठ्या टाकण्याइतका चांगला उपाय मला तरी सापडलेला नाही. चिठ्ठीवर रुसता येत नाही.

आईचा मोबाईल बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि प्रीपेड सिम तीन महिने न वापरता पडलं की कंपनी ते बंद करू शकते. छोटा रिचार्ज मारत राहा. व्हॉट्सॲप 120 दिवस न वापरल्यास खातंच काढून टाकतात, तेव्हा आईचे व्हॉइस मेसेज आत्ताच एक्स्पोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा. हे एक काम मात्र याच रविवारी.

फोटो, पत्रं, हिशेबाच्या वह्या दुसऱ्या सुटकेसमध्ये भरून ऐरोलीला न्या. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावं लिहायला मामींनाच बोलवा. त्यांच्या पिढीतलं ओळखणारं आता कोण उरलंय? आणि त्यांना कपाटाचा राग आहे, तो तिथे निवळेल.

शेवटच्या आठवड्यात गॅस कनेक्शन एकतर वारसाच्या नावावर करा नाहीतर सिलिंडर-रेग्युलेटर परत देऊन डिपॉझिट घ्या. महावितरणच्या मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, पोस्टमनला नवा पत्ता सांगा आणि चावी दिल्याची पोच सोसायटीच्या लेटरहेडवर घ्या. कपाट उतरवायला चार माणसं लागतील, जिना अरुंद आहे म्हणालात तर ती वर चढायच्या आधीच पैसे ठरवा.