बीपीचं लिहू नका, हप्ता वाढेल!

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचकाचं पत्र आलंय. मामांना ब्रेन हॅमरेज झालं, बिल साडेसहा लाख. वडिलांवर (वय 64) अशी वेळ आली तर सगळ्यात चांगलं हॉस्पिटल कोणतं, आणि त्या खर्चासाठी एजंट सुचवतोय ती वर्षाला 1 लाखाची युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र) घ्यावी का? 10 लाखांचा विमा मिळेल, आणि परताव्याचे ‘बारा टक्के कुठेच गेले नाहीत’, असं एजंट म्हणतो.

हॉस्पिटलचं आधी उरकतो. बंगळुरूचं निम्हान्स, मुंबईचं केईएम ही नावं मोठीच. पण मेंदूतला रक्तस्राव पहिल्या काही तासांत वाढू शकतो. पुणे तुमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटर, मिरज दहा. रात्री दोन वाजताही सीटी स्कॅन, न्यूरोसर्जन आणि व्हेंटिलेटर मिरजेत कुठे मिळतो, ते आजच विचारून ठेवा. पुढे हलवायचं का, हे तिथले डॉक्टर सांगतील. ऑपरेशन प्रत्येकाला लागतं असंही नाही; आयसीयूचे दिवस मात्र खिसा रिकामा करतात.

युलिप? नको. पैसे पाच वर्षं अडकणार. शिवाय तो 10 लाखांचा विमा तुमच्या जिवावर आहे, वडिलांच्या नव्हे! ‘बारा टक्के कुठेच गेले नाहीत’ हे एजंटला सहीनिशी लिहून द्यायला सांगा, बघा देतो का.

आता तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात ते. बाबांची बीपीची गोळी आठ वर्षं चालू, पण दोन वर्षांपूर्वी 5 लाखांची मेडिक्लेम काढताना हाच एजंट म्हणाला, ‘लिहू नका, हप्ता वाढेल.’ अहो, हॅमरेजचं एक मोठं कारण बीपीच! ॲडमिट करताना डॉक्टर विचारणार, ‘बीपी कधीपासून?’ आई घाबऱ्याघुबऱ्या खरं सांगणार, ‘आठ वर्षं.’ ते केसपेपरवर चढणार, केसपेपर कंपनीकडे जाणार. क्लेम तिथेच आडवा.

वाचले किती? वर्षाला चार हजार धरा, दोन वर्षांचे आठ. पणाला पाच लाख. पाच वर्षांनी कंपनी जुनं उकरत नाही म्हणाल, तर 2024 पासून मुदत 60 महिन्यांवर आलीय खरी, पण फसवणूक सिद्ध झाली तर तीही कामाची नाही. शिवाय तुमची तीन वर्षं बाकीच आहेत.

डॉक्टरांची जुनी चिठ्ठी जोडून कंपनीला लेखी कळवा. हप्ता वाढवतील, बीपीशी संबंधित क्लेमसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतील, कदाचित पॉलिसीच रद्द करतील. करू देत. आज कळलेलं परवडलं.

तो एक लाख साध्या एफडीत टाका, पण एकट्या बाबांच्या नावावर नको, कुणाही एकाच्या सहीने मोडता येईल अशी जोडनावावर करा; व्हेंटिलेटरवरच्या माणसाची सही कुठून आणणार? आणि रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले योजनेची चौकशी करा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, यादीतल्या हॉस्पिटलांत, यादीतल्या आजारांना.