हापूसच्या ऑर्डरची साधी पीएचपी साईट मॉड्युलमध्ये कशी पाडायची?

म्हणजे तुमची देवगड हापूसच्या ऑर्डरची साईट आहे, सगळा कोड एकाच फंक्शन्सच्या फाईलमध्ये, पेटीचा भाव बदलला की चार ठिकाणी हात लावावा लागतो, आणि मॉड्युल, म्हणजे कामागणिक वेगळे भाग, पाडायला लाराव्हेलवर (पीएचपीच्या तयार फ्रेमवर्कवर) जावंच लागेल का असं विचारताय. नाही, गरज नाही. मी रत्नागिरीत हेच काम करतो, साध्या पीएचपीत नीट होतं.

बरेच जण काय करतात, कंट्रोलर (रिक्वेस्ट हाताळणारा कोड) एका फोल्डरात, मॉडेल (डेटाचा कोड) दुसऱ्यात, टेम्प्लेट (पानाचं एचटीएमएल) तिसऱ्यात टाकतात आणि म्हणतात झाले मॉड्युल. ही नुसती आवराआवर झाली, भाव बदलायला तिन्ही फोल्डर उघडावेच लागतात. धंद्याप्रमाणे पाडा: साठा, भाव, ऑर्डर, पेमेंट, पाठवणी. ज्याच्या त्याच्या फोल्डरात ज्याचं त्याचं सगळं, क्वेऱ्यासकट.

खरी मेख टेबलांत आहे. ऑर्डरच्या कोडमधून साठ्याच्या टेबलावर थेट क्वेरी मारायचीच नाही. साठ्याचा एकच क्लास बाहेरच्यांसाठी उघडा ठेवा, त्यात पेटी राखून ठेवणारं एक फंक्शन, ऑर्डरने तेवढंच वापरायचं. आता बघा, पाडव्याच्या आसपास शेवटच्या पेटीवर दोन गिऱ्हाईकं एकदम बटण दाबतात, तुम्ही आधी सिलेक्टने शिल्लक बघून मग वजा करत असाल तर तीच पेटी दोघांना विकली जाते. त्यापेक्षा एकाच अपडेटमध्ये शिल्लक पुरेशी असेल तरच वजा होईल अशी अट घाला आणि किती रो बदलल्या ते तपासा, शून्य आलं म्हणजे पेटी संपली. ही क्वेरी एकाच जागी असेल तर एकदा दुरुस्त केली की विषय मिटला. आणि साठ्याने उलट ऑर्डरला काही विचारायचं नाही, नाहीतर दोन्ही मॉड्युल एकमेकांत अडकतात.

एकेक फाईल ओढून घेणाऱ्या रिक्वायरच्या रांगा काढून टाका, क्लास आपोआप लोड होऊ द्या. नेमस्पेस (क्लासची नावं गटात बांधायची सोय) पीएचपी ५.३ पासून, म्हणजे २००९ पासून आहेत. कंपोझर हे पीएचपीचं पॅकेज सांभाळणारं टूल, त्याच्या जेसन फाईलमध्ये पीएसआर-४ (नेमस्पेस आणि फोल्डर जुळवायचा नियम) खाली कुठला नेमस्पेस कुठल्या फोल्डरात ते लिहा आणि त्याची डम्प-ऑटोलोड कमांड चालवा. फाईलचं नाव आणि क्लासचं नाव अक्षरन्अक्षर सारखं हवं, कॅपिटल-स्मॉलसकट, कारण विंडोजवर झॅम्पमध्ये (आपल्या कॉम्प्युटरवरच्या टेस्ट सर्व्हरमध्ये) चुकीचं नावही चालून जातं आणि लिनक्स सर्व्हरवर टाकलं की क्लास सापडत नाही म्हणून एरर येतो.

मायक्रोसर्व्हिसच्या, म्हणजे प्रत्येक भागाचं वेगळं ॲप आणि वेगळा डेटाबेस करायच्या, नादी लागू नका. एका डेटाबेसमध्ये ऑर्डर आणि साठा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, म्हणजे दोन्ही बदल होतात नाहीतर एकही होत नाही, ते सुख कशाला घालवायचं?

सुरुवात भावापासून करा, तो कुणावर अवलंबून नसतो. जुन्या फंक्शनचं नाव तसंच राहू दे, आतून फक्त नवीन क्लासला बोलवा, म्हणजे बाकीची साईट चालू राहते. पण हे सगळं आत्ता सीझनमध्ये नको. जूनमध्ये पाऊस लागला, पेट्या बंद झाल्या की घ्या हातात, साठा आणि ऑर्डर गणपतीच्या आधी उरकून टाका, पेमेंटला मात्र सगळ्यात शेवटी हात लावा.